आडवी रेघ

बँकेतल्या सदतीस वर्षांच्या नोकरीत मी किती कर्जप्रकरणे मंजूर केली आणि किती परत पाठवली, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. तो बँकेच्या दप्तरात असेल. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहिताना मात्र ही जुनी खाती अवेळी उघडतात, आणि ज्यांची वसुली पूर्ण झाली तीच जास्त त्रास देतात. अशाच एका खात्याची ही गोष्ट. ते खाते १९९५ साली बंद झाले. माझ्यापुरते ते गेल्या मे महिन्यात पुन्हा उघडले, तेही एका बिघडलेल्या व्हिडिओ गेमच्या पडद्यावर.

झाले असे, की आम्ही लग्नाला श्रीरामपूरला गेलो होतो. नगरहून राहुरीमार्गे जाणारा हा रस्ता माझ्या पायाखालचा. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून ‘नगर’च येते. सोबत पुण्याहून सुटीला आलेला तेरा वर्षांचा नातू होता. मुहूर्त गोरज होता. दुपारची जेवणे उरकली, पाहुणेमंडळी कार्यालयातल्या पंख्यांखाली आडवी झाली आणि मोबाइलवरचे खेळ खेळून नातू कंटाळला. “चल, तुला माझी जुनी शाखा दाखवतो,” म्हणून त्याला बाहेर काढले.

शाखा केव्हाच दुसरीकडे गेली होती. तिथे साड्यांचे दुकान होते. परत फिरताना मागच्या गल्लीत एक पाटी दिसली. रंग उडालेला, अक्षरे मात्र तीच: रेडिओ, टीव्ही दुरुस्ती. माझी पावले थबकली. नातवाला ते एक जुनाट दुकान दिसत होते. मला ते माझ्या सहीचे कर्जखाते दिसत होते.

पंतप्रधान रोजगार योजना २ ऑक्टोबर १९९३ रोजी सुरू झाली. शिकलेल्या बेरोजगार तरुणाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उद्योगासाठी बँकेने कर्ज द्यायचे, अशी ती योजना. आमच्या शाखेत अर्जांचा ढीग पडला. बहुतेकांना किराणा दुकान नाहीतर पिठाची गिरणी हवी होती. आयटीआय झालेला एक पोरगेलासा तरुण मात्र टीव्ही दुरुस्तीचे प्रकरण घेऊन आला. धंद्याला दिवस चांगले होते. १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले, १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले आणि गावोगाव टीव्ही आले. त्यात हा कारखान्यांचा जिल्हा. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१च्या हंगामात झाले आणि पुढे तशा कारखान्यांची रांगच लागली. उसाचे पेमेंट झाले, की घरात नवी वस्तू यायची. पण विजेचा दाब कधी इतका खाली, की चित्र आक्रसून जाई. कधी इतका वर, की संचातून धूर निघे. दुरुस्ती करणाऱ्याला कामाची कमी नव्हती.

त्याच्या यादीत सर्वांत महाग वस्तू होती ऑसिलोस्कोप. मेकॅनिक लोक त्याला सीआरओ म्हणतात. “हे कशाला लागतं रे?” मी विचारले होते. तो म्हणाला, “साहेब, डॉक्टरला जसा ईसीजी, तसा आम्हाला हा. विजेची नाडी दिसती त्याच्यावर.” उत्तर मला आवडले. मी सही केली.

आता त्याच दुकानाच्या पायरीवर उभा होतो. आत चष्मा कपाळावर सरकवून एक गृहस्थ एलईडी टीव्हीचे कार्ड तपासत बसले होते. केस पांढरे झालेले, अंग सुटलेले. त्यांनी वर पाहिले आणि क्षणभराने म्हणाले, “या साहेब. ओळखलं नाय व्हय?”

तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करीत असे. आता तोंडातून आपसूक ‘तुम्ही’ आले. त्यांनी माठातले पाणी दिले, नातवाला स्टूल दिले. पण तो बसेल तर ना! दुकानाच्या मागच्या भागात गोणपाट पांघरलेले काहीतरी कपाटाएवढे उभे होते. त्याने गोणपाटाचे टोक उचलले आणि ओरडला, “आजोबा, आर्केड मशीन! खरंखुरं!”

मी ती पेटी ओळखली. कपाळावर नाणे टाकायची खाच, दोन दांडे, लाल-पिवळी बटणे, आत उतरता बसवलेला पडदा. १९९५च्या मे महिन्यात हीच पेटी दुकानाच्या दर्शनी भागात उभी होती आणि तिच्याभोवती वीस-पंचवीस पोरांचा गलका चालला होता. मी तेव्हा कर्जदारांच्या तपासणीवर निघालो होतो. त्यांचे तीन हप्ते थकले होते.

तो काळ कसा होता, हे बँकेत काम केलेल्यांना आठवेल. नरसिंहम समितीच्या १९९१च्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने कर्जखात्यांची वर्गवारी करण्याचे नवे निकष लावले होते. १९९२-९३पासून ‘एनपीए’ हा शब्द आमच्या मानगुटीवर बसला होता. थकलेले खाते दिसले, की आम्ही माणूस पाहत नव्हतो, तारीख पाहत होतो. आणि इथे तर दुरुस्तीच्या दुकानात खेळ मांडलेला! त्यांनी सांगायचा प्रयत्न केला, “साहेब, हे दुरुस्तीला आलंय. यात्रेत तंबू टाकणाऱ्याचं हाय. पैसे द्यायला तो फिरकलाच नाय, म्हणून उभं केलं. यातल्या नाण्यांतूनच तुमचे हप्ते भरतो.” असे बहाणे मी रोज ऐकत होतो. मी वहीत शेरा मारला: ‘कर्जरक्कम मंजूर कारणाखेरीज अन्यत्र वापरली.’ दोन महिन्यांत सर्व रक्कम भरा, अशी नोटीस गेली.

त्यांनी ती भरली. मुदतीच्या आठवडाभर आधी सगळे पैसे काउंटरवर मोजून ठेवले. कुठून आणले, हे मी विचारले नाही. पुढे शिपायाकडून कळले, की सीआरओ विकला. त्या तिमाहीत चांगल्या वसुलीबद्दल वरून माझे कौतुक झाले आणि त्या वर्षाअखेर माझी बदली झाली.

“काका, चालतं का हे?” नातू विचारत होता.

“आवाज येतो, चित्र नाय येत. तीन-चार वर्षं झाली. पडद्यावर आडवी रेघ आली आन् मी बी गोणपाट टाकून दिलं.”

“दुरुस्त का नाही केलं?”

“कोणासाठी करायचं?”

“माझ्यासाठी करा ना!”

ते हसले. घड्याळाकडे पाहिले. “मुहूर्त संध्याकाळचा ना? मग वेळ हाय.”

पुढचे तीन तास मी जे पाहिले, ते चांगल्या वैद्याचे काम होते. आधी त्यांनी कशालाही हात लावला नाही. पेटीची वायर एका फळीला जोडली. त्या फळीवर शंभर वॅटचा बल्ब होता. मेकॅनिक त्याला सिरीज बोर्ड म्हणतात. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मशीन वाचते. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. म्हणजे शॉर्ट नव्हता. मग पेटी सरळ विजेवर घेतली. आतून उडते संगीत सुरू झाले आणि काळ्या पडद्याच्या मधोमध एक झगझगीत आडवी रेघ उमटली. त्यांनी चटकन ब्राइटनेस कमी केला. सगळा प्रकाश एकाच जागी पडत राहिला, तर काचेवरचा लेप जळतो आणि कायमचा व्रण राहतो.

“काय दिसतं?” त्यांनी नातवाला विचारले.

“एक लाइन.”

“नीट बघ. तिचा रंग बदलतोय का?”

नातू पडद्याला नाक लावून पाहू लागला. खरेच, रेघ एकसारखी पांढरी नव्हती. संगीत बदलले की तिच्यातले निळे-तांबडे ठिपके जागा बदलत होते.

“म्हणजे चित्र येतंय,” ते म्हणाले. “सगळं चित्र त्या रेघेत दाबलेलं हाय. गेमचं कार्ड ठीक, कारण आवाज येतोय आन् रंग हलतोय. नळी ठीक, कारण उजेड हाय. ईएचटी ठीक, नायतर रेघ बी आली नसती. आता बिघाड राहतो एकाच ठिकाणी.”

अर्धे यंत्र न उघडताच निकालात निघाले होते. मी नकळत सावरून बसलो.

ती रेघ का येते, हे त्यांनी नातवाला समजावले ते असे: पडदा म्हणजे शेत. नळीच्या मागच्या टोकाकडून येणारा किरण म्हणजे नांगर. नांगर डावीकडून उजवीकडे एक तास मारतो, मग थोडा खाली सरकून दुसरा. आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत शेताचे ६२५ तास असतात आणि ते दोन खेपांत मारतात, आधी एकाआड एक, मग राहिलेले. सेकंदाला १५,६२५ तास आणि वरून खाली ५० खेपा. व्हिडिओ गेमच्या कार्डाची आडवी चाल जवळपास तेवढीच, खेपा मात्र साठच्या आसपास. म्हणूनच या पेटीत साध्या रंगीत टीव्हीचा संच बसवता आला. नांगराला आडवे नेणारे वेटोळे वेगळे आणि खाली सरकवणारे वेगळे. खाली सरकवणारे बंद पडले, तर बैल चालत राहतात, पण तास सरकत नाही. एकाच सरीत नांगर फिरत राहतो. तीच आडवी रेघ.

मग त्यांनी वीज काढली आणि मागचे झाकण उघडले. नातू पुढे सरसावला, तसा त्याचा हात धरून मागे ओढला. इथे वाचकांनाही सांगून ठेवतो. जुन्या टीव्हीची वायर काढली, म्हणजे धोका गेला असे समजू नये. त्या काचेच्या नळीत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा भार साठून राहू शकतो. माहीत नसलेल्याने झाकणाला हात लावू नये. त्यांनी एक हात पाठीमागे घेतला, पेचकसाला बांधलेल्या तारेचा चिमटा नळीभोवतीच्या विणलेल्या तारेला लावला आणि पेचकसाचे टोक रबरी टोपीखाली सरकवले. ‘टक्’ असा आवाज झाला. “आता बोल तिच्याशी,” ते म्हणाले.

नातवाच्या हाती बॅटरी दिली. उजेड इकडे धर, तिकडे धर, असे चालले असताना तो म्हणाला, “आजोबा, इथे आत कागद चिकटवलाय.” आणि मोठ्याने वाचू लागला, “आडवी रेघ. उभ्या बाजूचा आयसी बदलला. तारीख ११ एप्रिल १९९५. बिल रुपये ४५०. बाकी.” मग माझ्याकडे वळून विचारले, “बाकी म्हणजे?”

बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला नातवाने हा प्रश्न विचारला. “बाकी म्हणजे... ज्याचं देणं राहिलं, ते,” मी म्हणालो.

मेकॅनिक आपल्या कामात होते. त्यांनी वर पाहिले नाही. कागद पिवळा पडला होता, कडा झुरळांनी कुरतडल्या होत्या, पण अक्षर स्वच्छ होते. माझ्या तपासणीच्या महिनाभर आधीची तारीख. म्हणजे मी शेरा मारला, तेव्हा हा कागद माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी पेटीच्या पुढच्या बाजूला उभा राहून पोरांचा गलका मोजला. मागे जाऊन झाकण उघडा म्हणालो नाही.

काम पुढे चालू होते. वीज देऊन त्यांनी मल्टिमीटरने आयसीच्या पायावर दाब मोजला. तो बरोबर आला. पुन्हा वीज काढली, नळी मोकळी केली आणि वेटोळ्याचा रोध मोजला. वायरच्या टोकाला मोजला तर काही ओहम, म्हणजे वेटोळे शाबूत. तीच वायर जिथे कार्डाला मिळते, तिथे मात्र काटा हलेना. “सापडलं,” ते म्हणाले आणि भिंग धरले. पिनेभोवतीच्या कथिलाला बांगडीसारखी बारीक चीर गेली होती. तापणे आणि गार होणे, तापणे आणि गार होणे, असे वर्षानुवर्षे चालले, की जोड वरून धडधाकट दिसतो आणि आतून सुटलेला असतो.

जुने कथिल काढले, राळ लावली, नवे सोल्डर दिले. मशीन चालू केले, तर चित्र उघडले, पण वरच्या बाजूला घडी पडल्यासारखे दुमडलेले. नातू टाळ्या पिटायला निघाला होता, तो थांबला. “एक दुखणं बरं झालं, की दुसरं दिसतं,” ते म्हणाले. तापणाऱ्या भागाशेजारी उभा असलेला एक कपॅसिटर आतून सुकला होता. दिसायला ठाकठीक, पण धारणशक्ती निम्मीही उरली नव्हती. त्यांनी खोक्यातून जास्त उष्णता सोसणारा नवा काढला, खुणेची बाजू दोनदा तपासून बसवला. मग उभ्या चालीचे बटण किंचित फिरवून सरकते चित्र स्थिर केले. एका कोपऱ्यात जांभळट डाग राहिला होता, तो चुंबकत्व उतरवायची कडी पडद्यासमोर फिरवत मागे मागे नेऊन घालवला.

मला राहवले नाही. “सीआरओ असता तर किती वेळ लागला असता?”

“चीर सापडायला तेवढाच. कपॅसिटर मात्र चालू मशीनवरच दिसला असता. नाडीच कळली असती.” ते एवढेच बोलले.

खेळ होता ‘स्नो ब्रदर्स’, जपानच्या तोआप्लान कंपनीने १९९० साली काढलेला. दोन गुबगुबीत भाऊ बर्फ फेकतात आणि समोरच्या राक्षसांचे गोळे करून ढकलून देतात. बाहेर श्रीरामपूरचे मे महिन्याचे ऊन आणि आत निळ्या पडद्यावर बर्फ! पण सुरू करायला नाणे हवे, आणि आजचे नाणे त्या खाचेला चालेना. मेकॅनिकनी फळीवरून एक डबा काढला. त्यात जुने जाड रुपये होते. एक नातवाला दिला आणि एक माझ्या हातावर ठेवला.

आम्ही दोघे खेळलो. पहिल्या मिनिटात माझे तीनही जीव गेले. नातू अर्धा तास हलला नाही. आवाज ऐकून शेजारच्या दुकानातली दोन पोरे दाराशी येऊन उभी राहिली, मग आणखी तीन.

मी मेकॅनिकच्या शेजारी स्टुलावर बसलो. म्हणालो, “तेव्हा मी झाकण उघडायला सांगायला हवं होतं. तुम्ही खरं बोलत होता.”

त्यांनी सोल्डरिंगचे टोक ओल्या स्पंजवर पुसले. “तुम्ही बँकेचं बघत व्हता, मी माझं बघत व्हतो. हप्ते थकले व्हते, ते बी खरंच हाय.” थोडा वेळ गेला. मग म्हणाले, “पण साहेब, तो सीआरओ लई चांगला व्हता.”

यावर मला काही उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. नवा घेऊन देऊ का, असे शब्द ओठांवर आले होते, पण ते बोलण्याचा अधिकार मला नाही, हे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कळले. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या हातून गेले ते नुसते यंत्र नव्हते. त्यांना पुढे शिकायचे होते, त्याची ती शिडी होती.

निघताना त्यांनी जुन्या कागदाखाली नवा कागद चिकटवला: आडवी रेघ, सुटलेला जोड, सुकलेला कपॅसिटर, आजची तारीख. बिलाची जागा कोरी सोडली. “मशीन माझंच हाय, बिल कोणाला लावू?” म्हणून हसले.

अशा काचेच्या चित्रनळ्या आता नव्याने मिळत नाहीत. त्या दुरुस्त करणारी पिढीही निवृत्तीला आली आहे. घराच्या माळ्यावर असा एखादा संच पडला असेल, तर तो भंगारात देण्याआधी एकदा जाणत्या मेकॅनिकला दाखवा. द्यायचाच ठरला, तर फोडू नका; त्या काचेत शिसे असते, तो ई-कचरा घेणाऱ्यांकडेच जाऊ द्या. पण मला त्याहून दुसरेच सांगायचे आहे. रेघ दिसली, तेव्हा त्या माणसाने मशीन बिघडले असे म्हटले नाही. काय काय धड आहे, हे त्याने आधी मोजले. हप्ते थकलेले दिसले, तेव्हा मी माणूसच बिघडला असे लिहून मोकळा झालो. त्या खात्यात धड असलेले सारे माझ्यासमोर होते: कसब, कष्ट आणि शब्दाला जागण्याची वृत्ती. सुटला होता तो एक जोड. चार महिन्यांची मुदत देऊन तो सांधता आला असता.

बँकेचा एक जुना नियम आहे. चुकीची नोंद खोडायची नाही, खरवडायची तर नाहीच. ती तशीच ठेवून पुढच्या तारखेला उलट नोंद करायची, कारण लिहायचे आणि खाली सही करायची. १९९५ सालची ती वही आता माझ्या हाताशी नाही. म्हणून ही उलट नोंद इथे करीत आहे: कर्जरक्कम मंजूर कारणासाठीच वापरली होती. तपासणी अधिकाऱ्याने झाकण उघडून पाहिले नाही.